सुतळीचं घर

इथे परदेशात, टार्निटला जमीन घेतली तेव्हा सासऱ्यांनी फोनवर एकच गोष्ट मागितली होती: त्यांच्या खोलीला दक्षिणेची खिडकी हवी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये थंडीत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं आणि तिथेच त्यांची खुर्ची असते. नजर अंधूक होत गेल्यापासून घरात आपण कुठे आहोत हे त्यांना त्या उन्हावरूनच कळतं. नवऱ्याने बिल्डरच्या प्लॅनमधली पॅसेजच्या दक्षिणेची खोली आईबाबांची म्हणून ठरवली आणि तिच्या समोरची उत्तरेची खोली स्वतःच्या लाडक्या, सिनेमे बघायच्या थिएटर रूमला दिली. पॅसेजच्या टोकाची बाथरूम दोन्ही खोल्यांना सारखीच जवळ होती. मीही बघितलं, छान म्हटलं आणि कामाला लागले.

हिवाळ्यात दोघं इथे आली तेव्हा प्लॅन सहीपर्यंत आला होता. सही झाली की तो परमिटला जाणार, आणि मग एक भिंत हलवायची म्हटली तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाबांनी आल्या आल्याच सांगून टाकलं, "जमलं तर कायमचे राहू. पण ज्या घरात मला हाताला धरून बाथरूमला न्यावं लागेल, तिथे मी राहणार नाही. परतीचं तिकीट आहे माझ्याकडे." बाबा असं बोलले की ते नुसतं बोलणं नसतं, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

सासूबाईंबद्दल सांगायचं तर, त्या बोलतात. म्हणजे सतत बोलतात. मी घरून काम करते आणि त्या आल्यापासून हेडफोन कानावरून उतरत नाहीत. आमटीला फोडणी कशी बसली, शेजारच्यांचं कुत्रं कसं बघतं, मोजे कुठे वाळत घातलेत, अशी टकळी दिवसभर चालू असते. प्लॅनचा कागद त्यांनी एकदा सरळ धरला, एकदा उलटा धरला आणि टेबलावर ठेवून दिला.

"हे कागदावरचं घर ह्यांना काय कळणार? उभं करून दाखवा."

"आई, बांधायच्या आधी कसं उभं करणार?" नवरा म्हणाला.

"रांगोळी आणलीय मी."

शनिवारी आम्ही आमच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. टार्निटचा वारा काय चीज आहे हे आईंना माहीत नव्हतं. आमच्या हॉलची रांगोळीने काढलेली पहिली भिंत बघता बघता पलीकडच्या बांधकामावर उडून गेली. मला हसू आवरेना. आई मात्र जराही हटल्या नाहीत. त्यांनी मुलाला हार्डवेअरच्या दुकानात पिटाळलं, बागेतल्या काठ्या आणि सुतळीची गुंडी आणवली आणि पदर खोचून उभ्या राहिल्या. तो टेपने मापं घेणार, मी काठ्या ठोकणार आणि त्या कंबरेच्या उंचीवर सुतळी बांधणार. दाराखिडक्यांच्या जागा मोकळ्या सोडायच्या. गॅसच्या जागी जेवणाचा डबा ठेवला. दुपारपर्यंत त्या चिखलगवतात आमचं अख्खं घर उभं राहिलं. ब्रोशरमधल्या रंगीत चित्रापेक्षा मला ते जास्त आवडलं.

बाबांना आणून पुढच्या दाराशी उभं केलं, तर ते वाकून बूट काढायला लागले.

"अहो, गवत ओलं आहे!"

"मग काय, घरात बूट घालून येऊ?"

मोजे भिजवत ते आत आले. आई बोलत पुढे चालल्या. इथे हॉल बरं का, मोठा आहे, इथे डायनिंग, कालची भाजी अळणीच झाली होती, इथे गॅस. मी मागून बघत होते आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. आई वळल्या की त्यांचा आवाज वळायचा, आणि बाबा त्याच्या मागे बरोबर वळायचे. अडथळा आला की आई तिथेच थांबून काहीतरी जास्त बोलायच्या. हाताला धरणं बाबांना चालत नाही, म्हणून या बाईने आपला आवाजच त्यांच्या हातात दिला होता. इतकी वर्षं, कोणाला कळूही न देता. मला त्यांचं असं काही कौतुक वाटलं की हातातली हातोडी तशीच राहिली.

फेरी संपवून त्यांनी बाबांना पुन्हा दाराशी सोडलं, माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि एकदम गप्प झाल्या.

"काय झालं, आई?"

"आता त्यांना एकट्याला जाऊ दे," त्या कुजबुजल्या. "मी जन्मभर पुरणार आहे का? माझा आवाज नसला तरी त्यांना खोली सापडली पाहिजे."

मी हातोडी खाली ठेवली.

बाबा सुतळीवर बोटं फिरवत निघाले. हॉल, पॅसेज, आणि मग डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे, थेट थिएटर रूममध्ये. तिथे तोंड वर करून उभे राहिले. "वा! खुर्ची इथेच ठेवा."

"बाबा, तुमची खोली समोरची."

ते समोर गेले आणि खिडकीची मोकळी जागा चाचपली. "ही दक्षिण ना? मग ऊन माझ्या पाठीवर कसं?"

नवरा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. इथे दक्षिण गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य उत्तरेकडून जातो. भाड्याचं घर बघताना आम्ही हे आधी बघतो! पण बाबा दक्षिण म्हणाले आणि आम्ही डोळे झाकून दक्षिण लिहिली. ज्या खोलीत सगळ्यात छान ऊन येतं, तिथे आम्ही काळे पडदे लावणार होतो.

बाबा खो-खो हसले. "मी पुण्याची दक्षिण बॅगेत घालून आलो की रे!"

नवऱ्याने तिथल्या तिथे बिल्डरच्या माणसाला फोन लावला. "नो वरीज, सहीच्या आधी सांगितलंत ते बरं," तो माणूस पलीकडून म्हणाला. खोल्यांची अदलाबदल झाली आणि थिएटरला अंधार आपोआपच मिळाला.

"थांबा, पुन्हा जाऊन बघतो," बाबा म्हणाले आणि दारापासून निघाले. आईंनी तोंडावर पदर धरला होता. या वेळी ते कुठेच अडले नाहीत. आधी बाथरूम शोधली, मग खोलीत जाऊन खिडकीशी उन्हात उभे राहिले.

"सापडली. कर रे सही," त्यांनी मुलाला सांगितलं. मग मान इकडेतिकडे वळवत म्हणाले, "अगं, तू कुठे आहेस? आता बोल की."

पण आईंच्या तोंडून शब्दच फुटेना. डोळे भरून आले होते.

म्हणून मीच बोलायला लागले. "या बाबा, पॅसेजमध्ये या. आता डावीकडे. इथे गॅस आहे, डब्यात पोळ्या आहेत, बटाट्याची भाजी आहे, आई इथे माझ्याजवळच उभ्या आहेत." बाबा क्षणभर थबकले आणि माझ्या आवाजामागून चालत आले.