हिंडन ते नांदेड, दोन तास

खरं सांगायचं तर देवापेक्षा माझा विश्वास विमानाच्या वेळापत्रकावर जास्त होता. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून नांदेडच्या आईची काळजी करायची, तर मनाला कसला तरी आधार लागतोच. गाझियाबादजवळच्या हिंडन विमानतळावरून नांदेडला विमान सुरू झालं आणि मला तो आधार मिळाला. अंतर हजारेक किलोमीटर, प्रवास दोन तासांचा. रेल्वेने जायचं तर अख्खा दिवस आणि रात्र. ‘काही झालं तर दोन तासांत पोचेन,’ हे मी आईला इतक्यांदा ऐकवलं होतं की ती ते अक्षरशः खरं मानून बसली.

मागच्या हिवाळ्यात तिच्या आतड्याला पीळ पडला. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज ऑपरेशन. उशीर झाला तर जिवाला धोका. आई म्हणाली, “ती येईल दोन तासांत. तिचं तोंड बघितल्याशिवाय मी आत जाणार नाही.” भावाने हात टेकले. मी तिकीट काढलं, बॅग उचलली आणि टॅक्सीवाल्याला सवयीने सांगितलं, “एअरपोर्ट चलो.” दिल्लीकरांचा एअरपोर्ट म्हणजे पालम! दारावरच्या जवानाने तिकीट पाहून मान हलवली. “मॅडम, ये तो हिंडन से है.” हिंडन म्हणजे शहराचं दुसरं टोक, यमुनेपार. माहूरच्या रेणुकेला मी तेव्हा जे काही बोलले ती प्रार्थना नव्हती, सरळ भांडण होतं.

शेजारी एक वयस्कर सरदारजी दुसऱ्या जवानाशी हुज्जत घालत होते. पानिपतहून आलेले, पत्नीसह नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला निघालेले. विमान तेच आणि चूकही तीच. त्यांना सोडायला आलेली गाडी अजून उभी होती. “बैठो बेटा, रोना बाद में,” त्यांची पत्नी म्हणाली. सरदारजी तिला बीजी म्हणत होते, मीही म्हणू लागले.

वाटेत भावाचा फोन आला. आई अजून हटून बसली होती, म्हणून त्याने फोन तिच्या कानाला लावला. कुठे चुकले ते सांगता सांगता मला रडू कोसळलं, तेव्हा बीजींनी फोन हातातून घेतला. “बहनजी, आपकी बेटी मेरे साथ है. हम हजूर साहिब आ रहे हैं, आपके लिए अरदास करेंगे. आप बेफिक्र अंदर जाओ.” आईचा जन्म गुरुद्वाऱ्याच्या यात्रेकरूंना रस्ता दाखवण्यात गेलेला. आमच्यातल्या कुणाचंही न ऐकणारी ती एवढंच म्हणाली, “अच्छा, जाती हूँ.”

धुक्यामुळे विमान उशिरा सुटणार होतं, म्हणून आम्हाला मिळालं. याला कुणी योगायोग म्हणावं, मी वाद घालणार नाही. फोन बंद केला. ज्या दोन तासांचा मला एवढा तोरा होता, त्यांत आता माझ्या हाती काहीच नव्हतं. बीजी डोळे मिटून पाठ म्हणत होत्या. मीही डोळे मिटले. देवीकडे काही मागितलं नाही, फक्त आईला तिच्या पदरात घातलं.

उतरल्यावर भावाचा निरोप दिसला, ऑपरेशन नीट झालं होतं. संध्याकाळी आईने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “त्या बाई पोचल्या का गं दर्शनाला?” मी हसले, रडले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिला धीर देणारं माणूस माझ्याआधीच तिच्यापर्यंत पोचलं होतं. ते देवीने पाठवलं की गुरूंनी, हे मी विचारत नाही. दोघांनाही हात जोडते.