शिवलेली शेवटची पानं

बातमी मला मोबाइलवर कळली, आणि मी ती चूक समजून दुरुस्त करायला गेले. सकाळचे अकरा वाजले होते. वरणाला फोडणी देऊन मी गॅस बारीक केला आणि चष्मा लावून फोन हातात घेतला. एकलहऱ्याच्या वसाहतीत वर्षानुवर्षं शेजारी राहिलेल्या आम्हा सगळ्यांचा एक ग्रुप आहे. नवरे वीजकेंद्रातून निवृत्त झाले, क्वार्टर्स सुटली, माणसं नाशिकभर पांगली, आणि आता त्या ग्रुपवर सुप्रभात आणि गुडघेदुखीचे उपाय येतात. त्या दिवशी मंगलचा फोटो आला होता. माझ्याच गॅलरीत काढलेला, हातात चिवड्याची बशी. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि हात जोडल्याच्या चित्रांची रांग. मला दुःख झालं नाही, राग आला. सकाळी सात वाजता मी तिचा आवाज ऐकला होता. मी ताबडतोब लिहिलं, "कृपया खात्री केल्याशिवाय असे संदेश टाकू नयेत. आज सकाळीच माझा त्यांच्याशी संपर्क झाला आहे." मग तो फोटो मंगललाच पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, तुला मारून टाकलंय यांनी. आता आयुष्य वाढलं तुझं."

दोन खुणा उमटल्या आणि मिनिटाभरात निळ्या झाल्या. म्हणजे तिने वाचलं. मला इतकं हायसं वाटलं की मी चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला, पडद्यावर नाव 'मंगल'. मी उचलल्या उचलल्या म्हणाले, "काय गं, वर गेलीस म्हणे?"

पलीकडून तिची सून म्हणाली, "काकू, मी सारिका."

"आईंना दे."

"काकू... आई गेल्या."

"कुठे?" मी विचारलं. खरंच विचारलं. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, वाक्याचा अर्थ कसा लावायचा हे हजारभर मुलींना सांगितलं, आणि दोन शब्दांचा अर्थ मला लागेना. मंगल अंगणात फुलं ओवत बसली होती. साडेआठला सारिका चहा घेऊन गेली तेव्हा ती भिंतीला टेकलेली होती आणि सुई हातातच होती. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. माझा संदेश सारिकाने उघडला होता, मंगलने नाही.

ओम, सई, तुम्ही त्या रविवारी व्हिडिओवर विचारलंत, "आजी, फूलआजीला काय झालं?" आणि मी "मग सांगते" म्हणून विषय बदलला. त्याला आता सात आठवडे झाले. बोलून मला सांगता येत नाही, हे लक्षात आलं आहे. म्हणून लिहिते. इतरांनीही वाचलं तर हरकत नाही, तिला ओळखणारे या शहरात पुष्कळ आहेत.

मी तुमच्या आजोबांबरोबर एकलहऱ्याला आले तेव्हा शेजारच्या दाराशी ती फुलांची पाटी घेऊन बसलेली होती. सासर पंचवटीच्या पलीकडचं, फुलं पिकवणारं. नवरा वीजकेंद्रात लागला तरी सासऱ्यांच्या मळ्यातली फुलं दर दोन दिवसांनी यायची आणि ती वसाहतीतल्या बायकांना गजरे करून द्यायची. शाळा सातवीपर्यंत. मी व्हरांड्यात कादंबरी वाचत होते. ती बराच वेळ बघत राहिली आणि तिने मला आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, शेवटी काय होतं त्यात?" मी म्हटलं, मला अजून माहीत नाही. ती म्हणाली, "मंग उलटून बघा की. पुस्तक तुमचंच हाय ना?"

हाच आमचा वाद, पुढची चाळीस वर्षं. मी तिला पुस्तकं देत गेले. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, ती हळूहळू सगळी वाचत गेली, पण प्रत्येकाचं शेवटचं पान आधी. चिवड्यातले दाणे ती आधी वेचून खायची; मी ते शेवटासाठी बशीच्या कडेला सारून ठेवायचे, तर माझ्या बशीतलेही उचलायची. "तुम्हाला नको दिसतायत," म्हणायची. संध्याकाळी सातची मालिका आम्ही आपापल्या घरी बघायचो आणि जाहिराती लागल्या की फोनवर बोलायचो. नातवाने तिला मोबाइलवर पुढचा भाग आदल्या दिवशीच बघायला शिकवलं आणि माझं सुख संपलं. मी नुसतं हॅलो म्हणायचा अवकाश, "उद्या ती सून जिन्यावरून पडते वहिनी, पण मरत नाय." मी म्हणायचे, मंगल, फोन ठेव. ती म्हणायची, "बरं ठेवते. पण सासूनं ढकललेलं असतं."

टाइप करणं तिला जमलं नाही, किंवा तिने जमवलं नाही. ती बोलूनच संदेश पाठवायची, मागे मळ्यातले कोंबडे, पाण्याची मोटर, सारिकाची भांडी. स्टेटसला रोज एक फूल आणि त्या दिवशीचं जेवण. हुलग्याच्या शेंगोळ्यांचा फोटो तिने टाकला तेव्हा सई, तू विचारलं होतंस की या पातेल्यात गांडुळं का शिजवली आहेत, आणि ती तीन दिवस येईल त्याला तुझा प्रश्न ऐकवत होती. तुम्हाला ती माझ्या नकळत परस्पर फोन करायची, हे मला अलीकडे कळलं. तिकडे परदेशात तुमची शाळेची वेळ असेल वगैरे विचार तिच्या मनात यायचा नाही. मी चिडले असते म्हणून सांगितलं नसेल.

एकदा मी तिला सरळ विचारलं होतं, की बाई गं, शेवट आधी कळला तर वाचायचं कशाला? आम्ही माझ्या गॅलरीत बसलो होतो, तो फोटोही त्याच दिवशीचा. ती दाणे वेचता वेचता म्हणाली, "आता वय झालं ना वहिनी. मधेच गेले तर? अर्धवट जीव अडकून बसायचा." मी म्हटलं, "तू कुठे जातेस. माझ्या मागे तुलाच माझी पुस्तकं आवरायची आहेत." मी मोठी, मला रक्तदाब, मला साखर. तिला साधी सर्दी व्हायची नाही. माझ्या कपाटात एक वही आहे. माझ्यामागे काय कुठे द्यायचं ते मी तीत लिहून ठेवलं आहे. पुस्तकांपुढे मंगलचं नाव आहे. ते अजून खोडलेलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

चैत्रात मी तिला माझी सगळ्यात आवडती कादंबरी दिली. एका म्हातारीचा मुलगा रागावून घर सोडून जातो आणि ती चारशे पानं त्याची वाट बघते. या पुस्तकाचा शेवट मी तिला आधी वाचू देणार नव्हते. एकदा, फक्त एकदा, तिने नीट क्रमाने वाचावं असं मला फार वाटत होतं. शिवणाच्या डब्यातून निळा दोरा काढला आणि तिच्यासमोर शेवटच्या वीस पानांच्या मोकळ्या कडेला धावदोरा घालून ती पानं बंद करून टाकली. ती हनुवटीला हात लावून बघत होती. "टाके लय लांब घातले वहिनी," ती म्हणाली. "हाराला असे घातले तर देवाच्या गळ्यात पडायच्या आत फुलं खाली." मी म्हटलं, हा हार नाही. इथपर्यंत पोचलीस की तूच काप. ती म्हणाली, "तुम्ही शाळेत पोरींना लय छळलं असणार." पण पुस्तक पिशवीत घालून घेऊन गेली.

त्यानंतर जवळजवळ रोज तिचा एकच प्रश्न. मालिकेच्या जाहिरातीत, भाजीच्या निरोपात, तुळशीच्या लग्नाला माझ्याकडे आली तेव्हा दारातच. "येतो का तो घरी? एवढंच सांगा. हो का नाय?" मी सांगितलं नाही. मला त्यात मजा येत होती, हे आता लिहायलाच हवं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा शेवट माझ्याकडे होता आणि तिच्याकडे नव्हता.

त्या दिवशी सकाळी सातला तिचा संदेश आला, तो असा: "वहिनी, मेथी काढलीये, दुपारी सारिकाजवळ पाठवते. निवडून ठेवू नका, लगेच करा. अन् आता तरी सांगा, येतो का तो?" मी लिहिलं, "सांगणार नाही." तेही सारिकानेच उघडलं, नंतर. जिवंत मंगलसाठी मी लिहिलेले हे शेवटचे दोन शब्द, आणि तेही तिच्यापर्यंत पोचले नाहीत.

लोक मला म्हणाले, भाग्यवान, हाल झाले नाहीत. मी मान हलवली. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. चाळीस वर्षं जी बाई मधेच जाण्याच्या धास्तीने शेवट आधी वाचत आली, ती ज्या एका पुस्तकाचा शेवट न वाचता गेली, तो मी शिवून ठेवला होता. हे कोणाला सांगायचं? एक पुस्तकच तर आहे, असं म्हणाले असते. मी दिवसभराची कामं वेळेवर करत होते. औषधं, फिरणं, बँक. सातला टीव्ही लावायचे आणि जाहिराती आल्या की फोनकडे बघायचे. ती सून खरंच जिन्यावरून पडली आणि मेली नाही. ग्रुपवर माझा तो संदेश तसाच आहे. पुसायची वेळ टळून गेली. वर तिचा फोटो, खाली जोडलेले हात, आणि मधे मी, खात्री करायला सांगणारी.

गेल्या आठवड्यात सारिका आली. पिशवीत मेथीची जुडी आणि ते पुस्तक. "आईंच्या उशाशी होतं," ती म्हणाली, "तुमचं नाव हाय आत." मी चहा केला, तिच्या मुलाची चौकशी केली, तिला लिफ्टपर्यंत सोडलं. मग दार लावून टेबलाशी बसले. निम्म्याच्या थोडं पुढे उदबत्तीच्या पुडक्याचा तुकडा खूण म्हणून घातला होता. तिथवर ती पोचली होती. शेवटची पानं बंदच होती. निळा दोरा तसाच. मला वाटलं होतं की निदान रडू येईल, तेही आलं नाही. मी पुस्तक उचलून कपाटात ठेवायला गेले, तर शिवलेल्या पानांमधून काहीतरी सुटून फरशीवर पडलं.

मोगऱ्याची कळी होती. वाळून तपकिरी झालेली, देठासकट.

मी पुस्तक खिडकीशी नेलं, चष्मा बदलला. टाके माझे नव्हते. माझे लांब, वाकडे. हे बारीक, एकसारखे, तांदळाएवढे. दोरा मात्र माझाच. तिने तो न तोडता उसवला होता आणि जुन्या भोकांच्या मधे आणखी भोकं पाडून पुन्हा घातला होता. पण टाके बारीक घातले की दोरा पुरत नाही... खालची दोन बोटं उरली असताना निळा संपला होता आणि पुढे हाराचा जाड पांढरा दोरा होता, शेवटी गजऱ्याला मारतात तशी गाठ.

मोगरा तिच्या मळ्यात वैशाखात फुलतो. पुस्तक मी चैत्रात दिलं होतं. म्हणजे पावसाळाभर, गणपतीत, दिवाळीत, माझ्या दारात उभी राहून, त्या सकाळी मेथीबरोबरसुद्धा, ती मला विचारत होती, येतो का तो घरी... आणि तिला माहीत होतं.

मी खुर्चीत बसले. सात वाजून गेले, टीव्ही लावायचा राहिला. फोन उघडून मी तिचा शेवटचा संदेश लावला. इतक्या आठवड्यांत कितीदा तरी ऐकलेला, पण या वेळी पहिल्यांदा तिच्या आवाजात हसू दाबलेलं ऐकू आलं. "आता तरी सांगा," आणि मग एक छोटा थांबा. मागे कोंबडा.

ओम, सई, पुस्तक माझ्या टेबलावरच आहे. तुम्ही सुट्टीत याल तेव्हा बघा, हात लावा, टाके मोजा. गाठ मात्र सोडू नका. पुस्तकात शेवटी काय होतं ते विचारलंत तर मी सांगेन, लगेच सांगेन. मुलगा येतो.