वन्संच्या डोक्यातल्या उवा

माझ्या नणंदबाई बालवाडीत शिकवतात. मी त्यांना वन्सं म्हणते. खरं तर वयाने त्या माझ्याहून लहान, पण पहिल्या दिवसापासून अहो-जाहो मीच करते आणि त्या मला खुशाल "वहिनी, तू" म्हणतात. त्यांच्या तोंडाकडे बघून "तू" म्हणायची माझी आजवर छाती झालेली नाही. लग्न करायचं नाही हे त्यांनी ऐन विशीत जाहीर करून टाकलं होतं. त्यानंतर कुणी तो विषय काढला की त्या उठून भांडी घासायला घ्यायच्या, आणि ती अशी आदळायच्या की विषय काढणाऱ्याला घरी जायची आठवण व्हायची.

त्यांचे केस कमरेखाली येतात. जाडजूड वेणी. बालवाडीतली पोरं त्यांना वेणीताईच म्हणतात. गोष्ट ऐकताना कुणी वेणीचा शेंडा गालावर फिरवत बसतं, कुणी सरळ दोरीसारखं धरून लोंबकळतं. शाळा म्हणजे रस्त्यालगतची एकच मोठी खोली आणि मागे ऑफिसची एक चिमुकली. पूर्वी तिथे फर्निचरचं दुकान होतं, त्यामुळे पुढची भिंत सगळी काचेची. काचेवर कागदाचे मासे चिकटवलेले. दाराशी पोरांच्या कमरेएवढ्या उंचीवर खुंट्या, त्यांवर टोप्या आणि स्वेटर एकमेकांत अडकलेले. मधोमध सतरंजी. त्या सतरंजीवर चित्रांचे तुकडे जुळवायला बसली की दहा डोकी एकमेकांना अशी चिकटतात की वरून बघणाऱ्याला एकच मोठं केसाळ जनावर बसल्यासारखं वाटावं.

तर एका सकाळी जुळ्यांच्या आईला एका जुळ्याच्या कानामागे ऊ सापडली. दुपारच्या आत सगळ्या आयांच्या फोनवर ती बातमी पोचली, आणि संध्याकाळपर्यंत गुन्हेगारही ठरला. भिंगरी. एका जागी बसत नाही म्हणून वन्संनीच ठेवलेलं नाव. तिची आई एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. भिंगरीचे कपडे कुणाकुणाचे वापरलेले असायचे, बाही लांब तर कंबर आखूड. एवढा पुरावा लोकांना पुरला.

शाळा चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी वन्संना बोलावून सांगितलं, "त्या मुलीला थोडे दिवस घरी ठेवायला सांगा."

"तिचं डोकं कुणी बघितलं का?"

"त्यात बघायचं काय?"

"मग मी बघते. सगळ्यांचीच बघते."

आणि बघितली. भिंगरीच्या डोक्यात उवा होत्याच. पण अर्ध्याहून जास्त वर्गाच्या डोक्यात होत्या, आणि जुळ्यांच्या डोक्यात तर लिखांची नुसती रास. वन्संनी हे जाऊन सांगितलं तर मोठ्या बाई दार लावून घेत म्हणाल्या, "हे बाहेर बोलू नका. उगाच बोंब होईल."

"बोंब झालीच आहे, बाई. फक्त एकाच पोरीच्या नावाने झालीय."

त्या दिवशी वन्सं घरी आल्या त्या धुमसतच. मी पोळ्या लाटत होते. त्या ओट्याला टेकून म्हणाल्या, "वहिनी, माझ्या डोक्यात उवा आहेत."

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. मी आधी माझ्या मुलीला त्यांच्यापासून लांब ओढलं, मग घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे उतरवले, मग नवऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, "लहानपणी तिच्याच उवा माझ्या डोक्यात यायच्या," आणि पुन्हा टीव्ही बघायला लागला. हा आमच्या घराचा कर्ता पुरुष.

मी म्हटलं, "अहो वन्सं, निदान हळू तरी बोला. खिडकी उघडी आहे."

"हळू का बोलू? चोरी केलीय का मी?"

दुसऱ्या दिवशी भिंगरी लोकरीची टोपी घालून शाळेत आली. बाहेर ऊन तापलेलं. वन्संनी टोपी काढायला सांगितली तर पोरीने दोन्ही हातांनी ती कानापर्यंत खेचून धरली. दारात तिची आई उभी होती. शाळेबाहेर आयांचं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं. रात्रपाळीहून परतताना तिने कुणाकडून तरी मशीन मागून आणलं आणि पोरीचं डोकं पार भादरून टाकलं.

"आता तरी घ्याल ना तिला वर्गात?" तिने विचारलं.

वन्संना बोलवेना. हे त्यांनीच मला सांगितलं, म्हणून खरं मानायचं. नाहीतर वन्संना बोलवेना यावर माझा कधी विश्वास बसला नसता.

आणि एवढं होऊनही जुळ्यांची आई वर्गाच्या दारात येऊन म्हणाली, "तरीसुद्धा काही दिवस तिला लांबच बसवा."

तेव्हा मात्र वन्संना वाचा फुटली. "अहो, हिच्या डोक्यावर ऊ ठेवली तर घसरून खाली पडेल! ही माझ्या शेजारी बसणार. सतरंजीवर. मधोमध."

भिंगरी मधोमध बसली. टोपी गेली. पोरांना त्या गुळगुळीत डोक्याचं इतकं अप्रूप की त्यावरून हात फिरवायला रांग लागली. तिनेही चार दिवस मिरवून घेतलं. उवा मात्र वर्गातून हलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात आणखी तिघांच्या डोक्यात सापडल्या. आता बोट दाखवायचं कुणाकडे, हा मोठाच पेच पडला.

मोठ्या बाईंनी पालकांची सभा घेतली. पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन सगळे बसले. कुणी म्हणालं सतरंजी बदला, कुणी म्हणालं घरी कामाला येणाऱ्या बायकांमुळे होतं. एक गृहस्थ म्हणाले, आमच्यासारख्यांच्या घरात असलं काही नसतं.

वन्सं उभ्या राहिल्या. "माझ्या डोक्यात आहेत. मी रोज दोन वेळा आंघोळ करते. कुणाला बघायचं असेल तर पुढे या."

शेजारची बाई खुर्चीसकट सरकली.

"उवांना तुमचा पगार कळत नाही," वन्सं म्हणाल्या. "पोरं डोक्याला डोकं लावून खेळतात, म्हणून उवा होतात. पोरांनी एकत्र खेळावं म्हणूनच तुम्ही त्यांना इथे पाठवता ना? येत्या शनिवारी सगळ्यांची डोकी एकाच दिवशी विंचरू. माझ्यापासून सुरुवात."

मोठ्या बाई म्हणाल्या, माझ्या शाळेत हा बाजार मांडायचा नाही.

मग वन्संनी तो बाहेर मांडला. शनिवारी सकाळी काचेसमोरच्या फुटपाथवर बुटक्या खुर्च्या, पांढरे पंचे, पाण्याची बादली. मी घरातली बारीक दातांची फणी घेऊन गेले. मनातून मला लाज वाटत होती, तोंडाने मी बडबडत होते, आणि पाय मात्र चालत होते. त्यांचे केस दुसरं कोण विंचरणार होतं?

भर रस्त्यात वन्संनी वेणी सोडली. येणारे जाणारे थांबले. पलीकडचा चावीवाला दुकान सोडून बाहेर आला. मी फणी ओढली आणि पहिली ऊ पंच्यावर पडली.

"ताईची ऊ! ताईची ऊ!" पोरं नाचायला लागली. जणू ताईने जादूच केली.

सुरुवातीला चारच आया आल्या होत्या. रस्त्यापलीकडे आणखी बऱ्याच उभ्या होत्या, येऊ की नको करत. तेवढ्यात जुळे आईचा हात सोडवून पळत आले आणि दोन खुर्च्या अडवून बसले. "माझी काढा! माझी ह्याच्यापेक्षा मोठी आहे!" आई मागोमाग धावली, त्यांना ओढून न्यायला.

"बसू द्या," वन्सं खाली मान घालूनच म्हणाल्या. "दोघांचं होईल."

ती क्षणभर घुटमळली. माफी वगैरे काही मागितली नाही. पण एका जुळ्याची हनुवटी धरून ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. मग रस्त्यापलीकडच्याही एकेक करून आल्या.

भिंगरीची आई उशिरा आली. बाजूला उभी राहून बघत होती. मग वन्संना म्हणाली, "ताई, हे चांगलं केलंत. पण आधी केलं असतंत तर माझ्या पोरीचे केस वाचले असते. ती आरशात बघत नाही घरी."

वन्सं म्हणाल्या, "खरंय तुमचं. मोठ्या बाई काहीतरी करतील म्हणून मी वाट बघत बसले. बघायला नको होती."

ती बाई हसली नाही. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "द्या ती फणी. तुमच्या वेगाने ताईंचं उद्यापर्यंत उरकायचं नाही." आणि वन्संच्या अर्ध्या केसांचा तिने ताबा घेतला. मी दुसरी फणी घेऊन उरलेले अर्धे धरले. आमच्या दोघींच्या ओढाताणीत वन्संच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते फणीमुळे, असं त्या अजून सांगतात.

सोमवारी मोठ्या बाईंनी त्यांना ऑफिसात बोलावून दटावलं. शाळेची अब्रू चव्हाट्यावर आणलीत म्हणाल्या. वन्संनी उत्तर दिलं, "काढून टाका मला. फक्त कशासाठी काढलंत ते पालकांसमोर सांगा." त्यांना काढलं नाही. सभेतल्या त्या गृहस्थांनी मात्र आपलं मूल दुसऱ्या शाळेत घातलं. तिथेही पोरं डोक्याला डोकं लावून खेळत असणारच, पण ते त्यांचं ते बघतील.

आता शनिवारची फणी हा शाळेचा रिवाजच झालाय, आणि तोही आतल्या सतरंजीवर. भिंगरी पहिलीत गेली. केस खांद्यापर्यंत आलेत आणि त्यांना कुणी हात लावलेला तिला खपत नाही.

परवा वन्सं डबा विसरल्या म्हणून मी तो द्यायला शाळेत गेले होते. एक नवं जोडपं प्रवेशासाठी आलं होतं. त्यातली बाई नाक मुरडत विचारत होती, "तुमच्याकडे उवाबिवा तर नाहीत ना?"

मोठ्या बाईंनी घाईघाईने तोंड उघडलं, पण वन्संनी त्यांना बोलू दिलं नाही.

"असतात की," त्या म्हणाल्या. "मधूनमधून होतात. झाल्या की काढतो. पोराला घरी बसवत नाही. चालत असेल तर त्याची टोपी त्या खुंटीला अडकवा."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. पोरगा तोवर टोपी फेकून सतरंजीवर जाऊन बसलासुद्धा होता.