विहिरीत, लाल थरापाशी

दोन भूगर्भशास्त्रज्ञ भेटले की दगडांबद्दल कमी आणि कुठं, कसे घाबरलो याबद्दलच जास्त बोलतात. माझ्याकडंही बीडच्या दुष्काळातलं असं बरंच साठलंय. त्या वर्षी मी, आमचे देसाईसाहेब आणि जीपवाले शेखभाई विहिरींसाठी खडक बघत गावोगाव फिरत होतो.

*

गेवराईकडच्या एका गावात साहेबांनी पारावर समजावलं, "हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. थरावर थर! मधली लाल पट्टी म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळातली माती. वरच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली."

एका आजींनी विचारलं, "मंग त्यो परत कवा फुटणार?"

"नाही फुटणार, आजी. आपली जमीन सरकत इकडं आली, लाव्हा ओकणारं तोंड मागं समुद्रात राहिलं."

"म्हंजी जमीन सरकती? आताबी?"

"हो, पण अगदी हळू."

आजी उठल्याच. "मंग आमी आजपासनं अंगणातच निजणार!"

दुसऱ्या दिवशी पाहतो, तर गावभर अंथरुणं बाहेर!

*

चकलांब्याजवळच्या एका पाणीपुरवठा सहकारी संस्थेत मीटिंग होती. "भूकंप झाला तर पळापळ करायची नाही," साहेब सांगत होते. एवढ्यात धडाम्! खिडक्या थरथरल्या. सगळ्यात आधी साहेब बाहेर!

शेजारच्या विहिरीत सुरुंग उडवला होता. चेअरमन दारात येऊन म्हणाले, "घाबरू नका साहेब. चपला राहिल्या तुमच्या!"

*

पुढं त्याच संस्थेच्या विहिरीत लाल थर लागला. तो जवळून बघायला मी विहिरीतले दगड वर ओढणाऱ्या यारीच्या बादलीत उभी राहून खाली गेले. बादली मध्यावर थांबवली. मी हातोडी मारणार, तेवढ्यात आवाज आला.

सुरुंगाचा नव्हता. दगडाच्या आतून घरघर येत होती. हात टेकला होता ती भिंतच हादरत होती.

वर कुणीतरी ओरडलं, "भूकंप! पळा बे!" यारीवाल्यासकट सगळे पळाले. मग काहीच ऐकू येईना.

मी हाका मारल्या. डोक्यावर लाल मातीचे खडे पडायला लागले.

तेवढ्यात काठावर शेखभाईंचं डोकं दिसलं. "मॅडम, मी हाय! घट्ट धरा!"

यारी सुरू झाली आणि बादली सरसर खाली निघाली!

"वर! वर घ्या!" मी किंचाळले.

बादली हिसका देऊन थांबली, मग वर चढायला लागली. मी काठाशी पोचते न पोचते तोच लाल थराचा मोठा ढलपा खाली कोसळला.

शेखभाईंनी हात धरून मला बाहेर ओढलं. केसांतली लाल माती झटकत मी विचारलं, "शेखभाई, यारी चालवायला कधी शिकलात?"

त्यांनी एकदा यारीच्या दांड्याकडं बघितलं.

"आत्ताच, मॅडम!"