पिवळी पडलेली नळी

ही गोष्ट मी घरात कधी काढली नाही. माझ्या एका मित्राचं नाव निघालं की मी उठून गोठ्याकडे जायचो. आता तोही नाही आणि त्याची बायकोही नाही. खरं ठाऊक असलेला मी एकटाच उरलो, म्हणून लिहितो आहे.

वडीगोद्रीजवळच्या एका गावात मी दूध संकलन केंद्रावर तपासनीस होतो. काही लोक दुधात पाणी घालत आणि ते लॅक्टोमीटरवर दिसू नये म्हणून वर मीठ टाकत. ते पकडायला माझ्याकडे दोन औषधं होती. काचेच्या नळीत ती एकत्र केली की विटकरी रंग यायचा. त्यात दूध घातल्यावर रंग टिकला तर दूध चांगलं, पिवळा पडला तर मीठ.

मित्राचे वडील मेंढरं राखायचे. त्याने मेंढरं विकून गाय घेतली. धार बायको काढायची, किटली तो आणायचा. रांगेतूनच त्याची टिंगल सुरू व्हायची, "काय साहेब, आमच्या गाईला पास करून राह्यला का नापास? सोता तर गणितात माझं बघून पास झाल्ता."

त्या सकाळी वरून नवा अधिकारी आला होता. मित्राची थट्टा ऐकून तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. "ओळखीचा दिसतो. याची मिठाची परीक्षा करा."

नळी पिवळी पडली. पुन्हा केली, पुन्हा पिवळी.

कास आजारी असली तरी दूध खारट होतं आणि नळी पिवळी पडते, हे मला शिकवलेलं होतं. अशा वेळी गोठ्यावर जायचं, प्रत्येक सडाचं दूध वेगळं घेऊन तपासायचं. फार मोठं काम नव्हतं. पण अधिकाऱ्याला मी मित्राची बाजू घेतोय असं वाटलं असतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मीठ आहे."

मित्र हसला. "मस्करी नको करू गड्या." मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि किटली उचलली.

मिठाचं दूध ज्याने आणलं त्यानेच रांगेसमोर ओतून द्यायचं, अशी आमच्या केंद्रावर रीत होती. तो नालीवर वाकून ओतत असताना मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, उद्या हळद बी टाका, कालवनच करू!" रांग खदाखदा हसली. त्याने किटली विसळली आणि हळूच म्हणाला, "म्या तर टाकलं न्हाई. पण तू म्हंतोस तर असंल. घरी इचारतो."

तो भांडला असता तर बरं झालं असतं.

त्याने बायकोला विचारलं. तिने गाईच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. त्याने नळीवर विश्वास ठेवला, तिच्यावर नाही. त्यानंतर तिने धार काढणं सोडलं.

पुढच्या आठवड्यात जनावरांचे डॉक्टर केंद्रावर चहाला थांबले. बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या दोस्ताच्या गाईला दगडी झाली. कास सुजून पार गेली. आधी कळलं असतं तर वाचवली असती." त्या सकाळी ती नळी गाईचं दुखणं सांगत होती. मी ती चोरी म्हणून वाचली.

मित्र स्वतः येऊन सांगून गेला, "गाय बाद झाली. घरच्या बाईनं मीठ टाकलं, त्याचंच हे फळ." मी तेव्हा नळ्या धूत होतो. मान वर केली नाही. धुतलेल्याच नळ्या पुन्हा धुतल्या.

बऱ्याच वर्षांनी तो वारला तेव्हा मी भेटायला गेलो. बायका बसलेल्या होत्या. वैनीने पाणी दिलं. म्हणाली, "भाऊ, आले बरं झालं. त्यांचा तुमच्यावर लई इस्वास व्हता. आयुष्यभर मला म्हनले, तो खोटं बोलणार न्हाई."

मी पाणी प्यालो, काही वेळ बसलो आणि निघून आलो. पुन्हा जाऊ, एकटी असताना सांगू, असं म्हणत राहिलो. मागच्या उन्हाळ्यात तीही गेली.

बोलायचं होतं ते एवढंच. वैनी, तुम्ही मीठ टाकलं नव्हतं. मला त्याच सकाळी शंका आली होती आणि मी बोललो नाही. मला माफ करा.