चौथा खांब

रामदासपेठेत एक जुनं लॉज पाडत होते. तिथली गरम पाण्याची तांब्याची टाकी मी मोडीवाल्याशी दुपारभर भांडून मिळवली. सौद्यात मी कधी हरलो नाही. सख्खा भाऊ सोडून.

बायकोची मनगटं संधिवातानं गेली होती. चुलीवरचं पातेलं तिला उतरवत नसे. शेजारीण येऊन तिच्या अंगावर पाणी घालायची, तेव्हा ती मान वर करत नसे. म्हणून टाकी. चुलीतून नळी फिरवली की तापलेलं पाणी आपोआप वर चढतं. तिनं फक्त तोटी उघडायची.

घर मातीचं. अशा घरात छपराचा भार सागवानी खांबांवर, भिंत नुसता आडोसा. भरलेल्या टाकीला चार खांब हवेत, असं सुतार म्हणाला. वाटणीनंतर माझ्याकडे न्हाणीला एक कोपराच उरलेला, भिंतीपलीकडे थोरला भाऊ. चौथ्या खांबाच्या बुडाचा दगड वीतभर त्याच्या अंगणात जात होता.

“दादा, बदल्यात मागचा गोठा घे.”

“मले नाही पाहिजे.”

“मंग काय पाहिजे? बोल ना गा!”

“साऱ्या नागपुराले घुमवतं तू. मले घुमवून दाखव.”

मी शिव्या दिल्या. त्यानं दार लावलं.

शेवटी चौथा खांब सोडून तुळईचं ते टोक भिंतीतच रोवलं आणि टाकी चढवली. हिवाळाभर बायको न्हाणीची कडी आतून लावून आंघोळ करायची. बाहेर मला तिचं गुणगुणणं ऐकू यायचं.

पावसाळा संपला की मातीची भिंत दोन्ही अंगांनी लिंपावी लागते, ज्याची बाजू त्यानं. माझी मी लिंपली. गल्ली हसली, “पहा वं, बाप्या शेण कालवून राहिला!” पलीकडची तशीच राहिली. तीही मी लिंपतो म्हटलं, तर वहिनी म्हणाली, “आमच्या आंगनात पाय ठेवाचा नाही.”

पावसानं धुतलेल्या त्या बाजूनं ओल चढली. दिवाळीनंतर भिंत फुगली, टाकी कलली, नळी तुटली, आणि उरलेली भिंत टाकीच्याच पाण्यानं बसली.

खिंडारातून भाऊ समोर दिसत होता. जन्मात कोणाचे पाय धरले नव्हते, त्याचे धरले.

“दादा, आतातरी वीतभर दे.”

“आता काहून? भिंत तं गेली.”

बायको मागून म्हणाली, “अजी, उठा. शेजारणीले हाक मारा.”

भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरतो. भिंत पुन्हा उभी केली, पण चौथ्या खांबाशिवाय टाकी चढली नाही, आणि न्हाणीची कडी त्यानंतर आतून कधी लागली नाही.