मागची एक सीट

नांदेडला जायला गाडी मी अॅपवरूनच करणार, हे मी आदल्या दिवशीच घरात जाहीर करून टाकलं. आईचा उजवा डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता, आणि डाव्याचं काय करायचं ते नांदेडला ठरायचं होतं. हैदराबादचे एक मोठे डॉक्टर तिथं महिन्यातून एकदा येतात आणि जेवणाच्या वेळेला उठतात. ऑपरेशन केलं तर उरलेली नजर वाचेल का, एवढंच आम्हाला विचारायचं होतं. अशा दिवशी लातूरच्या स्टँडबाहेर काळी-पिवळी भरायची वाट बघत उभं राहायला मी तयार नव्हते.

वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, हे पटलं नाही. "काळी-पिवळीनं जन्म गेला आपला. आता काय झालं?"

जन्म गेला म्हणूनच तर. काळी-पिवळीचा मला मनापासून राग आहे. सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. ड्रायव्हर इंजिन सुरू करतो, जीप थोडी पुढं घेतो, आतल्यांना वाटतं निघाली एकदाची. मग तो तेवढीच मागं घेतो आणि पुन्हा ओरडायला लागतो, अहमदपूर, लोहा, नांदेड. नांदेडला कॉलेजात असताना गिअरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून आणि कुणाचं तरी गाठोडं मांडीवर घेऊन मी हा रस्ता इतक्यांदा केला, की एक दिवस गाडीत एकटी बसून जाईन, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. आई-दादांना मात्र त्यात काही वावगं वाटायचं नाही. दादा लांबूनच रुमाल टाकून आईसाठी खिडकीची जागा धरायचे. आई बसल्या बसल्या शेजारणीच्या पदराचा काठ बोटांत धरायची आणि रंग, पोत, दुकान, मुलीचं स्थळ सगळं विचारून घ्यायची. चाकूर यायच्या आत दोघी मैत्रिणी झालेल्या असायच्या.

तर सकाळी मी अॅप उघडलं. पहिल्या ड्रायव्हरचा फोन आला, "मॅडम, कुठं जायचंय?"

"अॅपात दिसत नाही का?"

"दिसायलंय, पण तुम्ही सांगा की."

नांदेड म्हटल्यावर त्यानं फोन ठेवला आणि बुकिंग रद्द केलं. दुसऱ्यानं मलाच रद्द करायला सांगितलं, म्हणजे त्याच्यावर नाव यायला नको. तिसरा आला, पण नकाशात बघून मागच्या गल्लीत उभा राहिला. तिथून पुढं यायला रस्ता आहे की नाही यावर आम्ही फोनवर वाद घालत होतो, तेवढ्यात दादांनी माझ्या हातातून फोन घेतला. "पाण्याच्या टाकीपाशी ये. तिथं कुणालाबी विचार." तो आला, पण या अॅपला मी कशासाठी डोक्यावर घेतलं होतं, ते मला त्या क्षणी आठवेना.

गाडीत बसल्यावर त्यानं ओटीपी मागितला. दादांनी मागं वळून मला दटावलं, "सांगू नको. बँकेनं बजावलंय, कुणालाच सांगायचा न्हाई म्हणून." हा ओटीपी वेगळा, तो वेगळा, हे समजावण्यात आणखी वेळ गेला. आई खिडकीशी गप्प बसून होती. तिच्या पर्समध्ये जुन्या फायली होत्या आणि ती पर्स तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

दादा पुढं बसले होते. मागं आई, मी आणि आमच्यामध्ये एक मोकळी सीट. ती सीट दादांना लातूरची हद्द सुटेपर्यंतही सहन झाली नाही. ते सारखे मान वळवून तिच्याकडं बघत होते. चाकूरला एक म्हातारी रस्त्याच्या कडेला हात करून उभी होती. दादा म्हणाले, "थांब जरा."

ड्रायव्हर म्हणाला, "काका, अॅपची गाडी हाय. सीट घेता येत न्हाई."

"सीट घ्यायलोय का मी? माणूस घ्यायलोय. पैशाचं नावबी काढू नको."

"कंप्लेट होती वो माझी."

"करणार कोण? ही?" दादांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

करावीशी वाटत होती, पण कुणाची, हे मला ठरवता येईना. म्हातारी बसली, मी मध्ये सरकले. अहमदपूरला ती उतरली आणि मी हुश्श करते न करते तोच दादांना बोअरची जळालेली मोटार घेऊन उभा असलेला एक माणूस दिसला. त्याला ती लोह्याला भरायला, म्हणजे आतली जळालेली तार नव्यानं गुंडाळून घ्यायला न्यायची होती. ती डिकीत मावेना. मग डिकीचं झाकण दोरीनं बांधायचं ठरलं, आणि दोरी शोधायला तो माणूस समोरच्या दुकानात गेला. मी घड्याळ बघत होते, ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता, आणि दादा खाली उतरून मोटार किती एचपीची, कुणी बसवली, पाणी कुठवर लागलं याची चौकशी करत होते.

"दादा, आपण आईच्या डोळ्यासाठी निघालोय," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा.

"मग? गाडीत बसून डोळा नीट होतोय का?" ते म्हणाले आणि पुन्हा मोटारीकडं वळले. मला त्यांचा भयंकर संताप आला. पुढं लोह्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही. ते मात्र त्या माणसाशी अखंड बोलत होते. इतकं, की आईकडं एकदाही वळून बघायची त्यांना सवड झाली नाही.

नांदेडला पोचलो तेव्हा आमचा नंबर पुकारून झाला होता. शेवटी बसायला सांगितलं. डॉक्टर उठून जातील या भीतीनं मी त्यांच्या दारासमोरच उभी राहिले. त्यांनी बघितलं, अगदी सावकाश बघितलं. ते चांगले होते, घाईत काही बोलले नाहीत. म्हणाले, ऑपरेशनचा आता उपयोग नाही. गेलेली नजर परत येणार नाही. थेंब चालू ठेवा, पण आहे तेही हळूहळू कमी होत जाईल. उशीर झाला का, असं मी विचारलं. मला त्या दिवसाचा उशीर म्हणायचं होतं की आणखी कशाचा, कुणास ठाऊक. ते म्हणाले, आजच्यानं काही फरक पडला नाही.

आईनं फायली पर्समध्ये भरल्या. "चला घरी," म्हणाली.

परतीची गाडी तीच होती. आम्ही बसलो. दादा पुढं, आई खिडकीशी, मी दुसऱ्या खिडकीशी, मध्ये मोकळी सीट. एसी चालू होता, काचा बंद होत्या. कॉलेजात असल्यापासून मी जे मागत होते, अगदी तसंच. कुणाचं गाठोडं नाही, कुणाची बडबड नाही. आणि आता ते मला नकोसं झालं होतं.

बऱ्याच वेळानं आईनं विचारलं, "अहो, लोहा आलं का?"

"गेलं," दादा म्हणाले.

"कळलंच न्हाई मला."

सकाळी एका जळक्या मोटारीवर तासभर बोलणारा माणूस समोरच्या काचेतून नुसता बघत होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती रिकामी सीट त्यांना सकाळपासून का सलत होती, मला कळलं. आम्ही तिघंच उरलो असतो, तर डोळ्याबद्दल बोलावं लागलं असतं.

अहमदपूरच्या अलीकडं एका फाट्यावर दोन पिशव्या घेऊन एक बाई हात करत होती. आता ड्रायव्हरनंच वेग कमी केला. "काका, घ्यायचं का?"

"नको. चालू दे," दादा म्हणाले.

गाडी पुढं गेली. मी म्हणाले, "थांबवा. मागं घ्या."

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं, पण घेतली मागं. मी खाली उतरून दार उघडलं. तिला चाकूरला जायचं होतं. मी तिला आईशेजारी मध्ये बसवलं, तिच्या पिशव्या माझ्या मांडीवर घेतल्या आणि कडेला बसले.

आईचा हात सवयीनं तिच्या पदरावर गेला. काठ बोटांत धरून तिनं विचारलं, "कुठल्या गावच्या तुम्ही? रंग कोणता हाय वो याचा?"

"मेंदी कलर हाय. दिसंना का मावशी?"

"कमी दिसतंय," आई म्हणाली. "आता आणखी कमी होणार म्हणं. डॉक्टरनं सांगितलं आज."

आम्हा दोघांपैकी कुणालाही तिनं हे म्हटलं नव्हतं. पुढं दादांची मान खाली गेली. ती बाई आईचा हात धरून आपल्या सासूच्या डोळ्यांची हकीगत सांगायला लागली. सासू अंधारातसुद्धा भाकरी कशी थापते, ते सांगता सांगता चाकूर आलं. बाई उतरली, पिशव्या घेतल्या, आईला "येते मावशी" म्हणून गेली.

गाडी निघाल्यावर आई माझ्याकडं वळून म्हणाली, "पुढं कुणी हात केला तर थांबव गं. मला न्हाई दिसायचं."

मी काच खाली केली आणि रस्त्याकडं बघत बसले.